ताप किती, यापेक्षा मूल कसं आहे ते पाहा

पावसाळा लागला की लहान मुलांच्या आजारपणाविषयी वाचक जे प्रश्न विचारतात, ते बहुतेक एका आकड्याभोवती फिरतात. १०१ ला दवाखान्यात न्यायचं की १०२ ला? औषध दिल्यावर ताप उतरला, आता थांबलं तर चालेल का? रात्री १०३ झाला, सकाळपर्यंत वाट पाहावी का? प्रश्न साहजिक आहेत. घरात मोजता येण्यासारखी गोष्ट म्हणजे तापच, आणि आकडा हाती आला की काहीतरी पक्कं कळल्यासारखं वाटतं. पण तीन महिन्यांपेक्षा मोठ्या मुलाच्या बाबतीत नेमका हाच आकडा निर्णयाला फारसा उपयोगी पडत नाही. १०३ ताप असलेलं मूल औषध घेतल्यावर तासाभराने पाणी मागत असेल, भावाशी भांडत असेल, तर बहुधा साधा विषाणूचा ताप आहे. ताप जेमतेम १०० आहे, पण मूल दूध ओढत नाही, हाक मारली की डोळे उघडतं आणि लगेच मिटतं, तर ते मूल धोक्यात आहे.

आजाराचं नाव ओळखणं तुमचं काम नाही. तुम्हाला एवढंच ठरवायचं असतं की आत्ता निघायचं, उद्या दाखवायचं, की घरीच सांभाळायचं. या निर्णयासाठी चार गोष्टी पाहायच्या: मुलाचा श्वास, पिणं, लघवी आणि भान. पुढचं सगळं या चार गोष्टींचंच स्पष्टीकरण आहे.

हे चार निकष आले कुठून?

१९९०च्या दशकात जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी आजारी मुलांसाठी एक कार्यपद्धती तयार केली. जिथे डॉक्टर लांब आणि प्रयोगशाळा त्याहून लांब, तिथल्या आरोग्य कार्यकर्तीला केवळ पाहून, विचारून आणि मोजून ठरवता यावं, हा तिचा हेतू. भारताने तीत नवजात बाळांची भर घातली आणि आपल्याकडच्या परिचारिका व अंगणवाडी सेविका तिच्यावर प्रशिक्षित झाल्या. या पद्धतीत कुठल्याही आजारी मुलाबद्दल पहिले प्रश्न तापाचे नसतात. मूल पिऊ शकतं का, घेतलेलं सगळं उलटून टाकतं का, झटके आले का, सुस्त किंवा बेशुद्ध आहे का, हे आधी विचारायचं. यातलं एकाचंही उत्तर ‘धोका आहे’ असं आलं की आजार कुठला याची वाट न पाहता मोठ्या दवाखान्यात पाठवायचं.

यावर कुणी म्हणेल, ही तर साधनं नसलेल्या ठिकाणची तडजोड झाली. शहरात हाताशी तपासण्या असताना नुसत्या डोळ्यांवर का विसंबायचं? मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या कक्षातही बालरोगतज्ज्ञ सुई टोचण्याआधी हेच पाहतात: मूल कसं दिसतंय, श्वास कसा चाललाय, त्वचेचा रंग कसा आहे. रक्ताचा अहवाल त्यानंतर येतो. ज्या मुलाला तातडीची गरज आहे ते अहवालाआधीच ओळखता आलं पाहिजे, आणि बहुतेक वेळा ते ओळखता येतं.

आता थांबायचं नाही

पुढीलपैकी एकही गोष्ट दिसली तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, निघा:

- मूल अंगावर पीत नाही किंवा पाण्याचा घोटही घेत नाही
- घेतलेलं सगळं, औषधसुद्धा, उलटून पडतं. किंवा उलटी हिरवी आहे
- झटका आला
- हलवूनही नीट जागं होत नाही, नजर लावत नाही, किंवा कशानेच शांत न होता सारखं कळवळून रडतं
- श्वास जलद आहे, श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातो, किंवा ओठ-जीभ निळसर दिसतात
- आठ तासांत लघवी नाही
- मान ताठ, किंवा तान्ह्या बाळाची टाळू फुगलेली
- अंगावर लाल-जांभळे ठिपके आहेत आणि पारदर्शक काचेचा पेला त्यावर दाबला तरी ते फिके पडत नाहीत
- बाळ थांबून थांबून पाय पोटाशी घेऊन किंचाळतं, मध्ये मलूल पडतं, शौचात रक्ताळ, जेलीसारखं पडतं. आतड्यात आतडं शिरल्याची ही खूण आहे. इथे ग्राइपवॉटर देत बसण्यात वेळ जातो

या यादीत नसलेली आणखी एक गोष्ट: रोज मुलाला सांभाळणारी आई किंवा आजी जेव्हा म्हणते की ‘आज हे नेहमीसारखं नाही’, तेव्हा तो पुरावा समजावा. घरातल्या पुरुषांनी तर विशेष.

‘ताप डोक्यात जाईल’ ही भीती

तापाचा आकडा महत्त्वाचा नाही म्हटलं की पहिला आक्षेप हाच येतो. त्याचं उत्तर नीट द्यायला हवं, कारण या भीतीपोटीच मध्यरात्री बर्फाच्या पट्ट्या ठेवल्या जातात आणि दोन-दोन औषधं एकावर एक दिली जातात. जंतुसंसर्गाने येणारा ताप शरीर स्वतःच वाढवतं आणि स्वतःच आवरतं. एरवी धडधाकट मुलात तो मेंदूला इजा करण्याइतका सहसा चढत नाही. उन्हात बंद गाडीत राहिलेल्या मुलाचं शरीर तापतं ती गोष्ट निराळी. तो उष्माघात आहे, आणि तिथे मुलाला गार करत करतच दवाखाना गाठायचा असतो. मेंदूला इजा होते ती मेंदूज्वरासारख्या आजारामुळे. तिथे ताप हे फक्त लक्षण असतं, आणि तो आजार ओळखू येतो मुलाच्या भानावरून, ताठ मानेवरून, झटक्यांवरून.

मग तापात येणाऱ्या झटक्यांचं काय? सहा महिने ते पाच वर्षं या वयात काही मुलांना ताप चढताना झटका येतो. तो पाहणं भयंकर असतं, पण साधा, काही मिनिटांत थांबणारा झटका मेंदूवर कायमची खूण ठेवत नाही. तापाचं औषध वेळेवर दिलं म्हणून तो टळेलच असंही नाही, म्हणून ‘आपण हयगय केली’ असं मनाला लावून घेऊ नका. झटका आला तर मुलाला कुशीवर वळवा, भोवतीच्या टणक वस्तू बाजूला करा आणि घड्याळ पाहा. दातांत चमचा घालू नका, हातपाय दाबून धरू नका, पाणी पाजू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबला नाही तर रुग्णवाहिका बोलवा. थांबला तरी, आणि पहिलाच असेल तर नक्कीच, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मूल सहा महिन्यांच्या आतलं असेल, एकाच बाजूला झटके आले असतील किंवा चोवीस तासांत पुन्हा आला असेल, तर त्याला साधा तापाचा झटका समजू नका.

ताप उतरवायचा तो मुलाला बरं वाटावं म्हणून. हसत-खेळत असलेल्या मुलाला केवळ थर्मामीटर १०१ दाखवतो म्हणून झोपेतून उठवून औषध पाजायचं कारण नाही. कपडे हलके ठेवा, पाणी देत राहा. बर्फ, कोलन वॉटर किंवा स्पिरिटने अंग पुसू नका. त्याने हुडहुडी भरते आणि आतला ताप आणखी चढतो. ताप तीन दिवसांहून जास्त टिकला तर मात्र मूल कितीही खेळकर असो, दाखवायलाच हवं.

श्वास मोजा, खोकला ऐकत बसू नका

खोकल्याचा आवाज घरभर ऐकू येतो म्हणून त्याची धास्ती वाटते. न्यूमोनिया मात्र पुष्कळदा आवाज न करता येतो, आणि तो सापडतो श्वासाच्या वेगात. हे घरी मोजता येतं. मूल झोपलेलं किंवा शांत असताना, दूध पिऊन झाल्यावर लगेच नाही की रडून झाल्यावर लगेच नाही, झबलं वर करा आणि छाती-पोट नीट दिसेल एवढा उजेड ठेवा. एकाने मोबाइलवर एक मिनिट लावायचं, दुसऱ्याने पोट किती वेळा वर येतं ते मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. लहान बाळांचा श्वास एकसारखा नसतो. ती भराभर चार श्वास घेतात आणि क्षणभर थांबतात, त्यामुळे पूर्ण साठ सेकंद मोजल्याशिवाय खरा आकडा मिळत नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा आकडा जास्त आला तर थोड्या वेळाने पुन्हा मोजून खात्री करा.

एका मिनिटात इतके किंवा यापेक्षा जास्त श्वास म्हणजे ‘जलद श्वास’:

- दोन महिन्यांच्या आत: ६०
- दोन महिने ते एक वर्ष: ५०
- एक ते पाच वर्षं: ४०

तापातही श्वास थोडा वाढतो. म्हणून मोठं मूल तरतरीत असेल तर ताप उतरल्यावर एकदा पुन्हा मोजा. छाती आत ओढली जात असेल, नाकपुड्या फुलत असतील किंवा मूल प्रत्येक श्वासाला कण्हत असेल, तर दुसऱ्यांदा मोजण्यात वेळ घालवू नका. ‘बाळाचं पोट उडतंय’ असं गावाकडे म्हणतात ती हीच अवस्था.

‘हे आम्हाला जमेल का?’ असं विचारणाऱ्यांनी गडचिरोलीकडे पाहावं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तिथे लिहिता-वाचता न येणाऱ्या सुईणींनासुद्धा श्वास मोजायला शिकवलं. त्यासाठी मणी आणि एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ जोडलेलं साधं उपकरण बनवलं. गावातच न्यूमोनिया ओळखून औषध सुरू केल्यावर बालमृत्यू कमी झाले, आणि तो अभ्यास १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ज्या घरात दोन स्मार्टफोन आहेत तिथे हे अवघड जाऊ नये. कोविडच्या काळात आणलेलं ऑक्सिमीटर मात्र मोठ्या माणसाच्या बोटासाठी असतं. तान्ह्या बाळाला लावून त्याच्या आकड्यावर विसंबू नका.

जुलाब: किती झाले ते कमी, किती भरून निघालं ते जास्त महत्त्वाचं

जुलाबात मूल दगावतं ते अंगातलं पाणी आणि क्षार गेल्यामुळे. म्हणून जुलाब थांबवण्याचं औषध शोधण्यापेक्षा गेलेलं भरून काढणं हाच मुख्य उपचार. दर पातळ शौचानंतर दोन वर्षांच्या आतल्या मुलाला ५० ते १०० मिलिलिटर, मोठ्याला १०० ते २०० मिलिलिटर ओआरएस द्या. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करा. दोन महिन्यांवरच्या मुलाला डॉक्टरांच्या किंवा आशाताईंच्या सल्ल्याने १४ दिवस झिंक द्यायचं असतं. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले म्हणून ते सोडू नका. अंगावरचं दूध, पेज, मऊ वरणभात, केळं, ताक चालू ठेवा. ‘पोटाला आराम’ म्हणून उपाशी ठेवलेलं मूल अधिकच गळतं.

फसगत होते ती पाकिटाशी. ओआरएसची पाकिटं १ लिटरची असतात तशी २०० मिलिलिटरचीही मिळतात. मोठं पाकीट पेल्यात ओतलं तर मीठ घातक प्रमाणात वाढतं. छोटं लिटरभर पाण्यात टाकलं तर उपयोग राहत नाही. पाकिटावर वाचा, तेवढंच उकळून गार केलेलं पाणी मोजून घ्या, अख्खं पाकीट एकदम टाका आणि चोवीस तासांनी उरलेलं फेकून द्या. औषधाच्या दुकानात तशाच नावाने फळांच्या चवीची गोड पेयं खपत होती. त्यांतल्या जादा साखरेने जुलाब वाढू शकतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरायला मनाई केली, तरी घेताना जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख पाहूनच घ्या.

डोळे खोल गेले, रडताना पाणी येत नाही, टाळू खोल गेली, पोटाची त्वचा चिमटीत धरून सोडली तर हळूहळू सपाट होते, शौचात रक्त आहे: यातलं काहीही दिसलं तर दवाखाना. ‘दात येतायत म्हणून जुलाब’ आणि ‘दात येतायत म्हणून ताप’ ही दोन वाक्यं शक्यतो विसराच. दात येताना बाळ चिडचिडं होतं, लाळ गाळतं; १०२ ताप दातांनी येत नाही.

ताप उतरला, आता सुटलो?

आकड्यावर विसंबण्याचा सगळ्यात मोठा तोटा डेंग्यूत दिसतो. डेंग्यूचा धोक्याचा काळ बहुधा ताप उतरताना, म्हणजे तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान सुरू होतो. थर्मामीटर ९९ दाखवतो, घरात सगळे निश्चिंत होतात, आणि त्याच वेळी रक्तवाहिन्यांमधून द्रव बाहेर झिरपत असतो. म्हणून साथीच्या दिवसांत ताप गेल्यानंतरचे दोन दिवस अधिक लक्ष ठेवा. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, नाका-हिरड्यांतून रक्त, काळं शौच, गार पडलेले हातपाय, कमी लघवी, विलक्षण सुस्ती किंवा अस्वस्थपणा यांतलं काहीही दिसलं तर भरती करावं लागतं. प्लेटलेटच्या आकड्यावर घराघरांत जेवढी चर्चा होते, तेवढं लक्ष लघवीकडे दिलं तर जास्त फायदा होईल. पपईच्या पानांचा रस शोधण्यात गेलेला वेळ तर फुकटच. डेंग्यूची शंका असताना आयब्युप्रोफेन आणि ॲस्पिरिन देऊ नका, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

गोवराचंही थोडंफार असंच. ताप, खोकला, वाहतं नाक, लाल डोळे, आणि मग कानामागून व चेहऱ्यावरून खाली पसरणारं पुरळ हा त्याचा क्रम. पुरळ बाहेर पडलं की ‘आता उतरणीला लागला’ असं समजलं जातं. पण मुलं दगावतात ती पुष्कळदा त्यानंतरच्या न्यूमोनियाने आणि जुलाबांनी. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी परिसरात गोवराचा उद्रेक झाला. लस न मिळालेली मुलं त्यात सापडली. नवव्या महिन्यानंतरचा आणि सोळाव्या महिन्यानंतरचा, असे गोवर-रुबेलाचे दोन्ही डोस झाले आहेत का, ते कार्डावर तपासा. गोवर झाल्यास जीवनसत्त्व अ देतात, तेही सरकारी केंद्रात मिळतं. कांजिण्या आणि हात-पाय-तोंडाचा आजार ही दोन्ही दुखणी दिसायला त्रासदायक असली तरी बहुतेक मुलांत आपोआप बरी होतात. तिथेही पिणं आणि भान यांवरच लक्ष ठेवा.

औषधाच्या बाटलीवर काय वाचायचं?

पॅरासिटामॉलचा डोस वयावर नाही, वजनावर ठरतो: दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचं अंतर, दिवसात जास्तीत जास्त चार वेळा. १० किलोच्या मुलाला एका वेळी १०० ते १५० मिलिग्रॅम. आता बाटली हातात घ्या. एका सिरपवर ‘५ मिलीमध्ये १२० मिलिग्रॅम’ असतं, दुसऱ्यावर ‘५ मिलीमध्ये २५० मिलिग्रॅम’, आणि तान्ह्यांच्या थेंबांवर ‘१ मिलीमध्ये १०० मिलिग्रॅम’. याच मुलाला पहिल्यातलं ५ मिली लागतं, दुसऱ्यातलं अडीच आणि थेंबांतलं फक्त १ ते दीड. घाईत थेंबांचं औषध सिरप समजून ५ मिली पाजलं तर पोटात ५०० मिलिग्रॅम जातं, आणि असं वारंवार झालं तर यकृताला इजा होते. बाटलीबरोबरचंच माप वापरा, स्वयंपाकघरातला चमचा नको. निमेसुलाइड तर बारा वर्षांखालच्या मुलांसाठी भारतात २०११ पासून बंद आहे. कुणी दिलंच तर परत करा.

खोकल्याच्या सिरपबद्दल मोकळेपणाने सांगायचं तर लहान मुलांना त्यांचा उपयोग जवळजवळ नाही. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात दूषित सिरपमुळे मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि अनेक मुलं दगावली. त्यांतल्या बऱ्याच जणांवर नागपुरात उपचार झाले. त्यानंतर केंद्राने पुन्हा बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची सिरप देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली सहसा टाळावीत. वर्षावरच्या मुलाला अर्धा चमचा मध, आणि कुठल्याही वयात नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब पुरतात. वर्षाच्या आत मध देऊ नका.

जिथे आकडा महत्त्वाचा आहे

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला हा लेखभर सांगितलेला दिलासा लागू नाही. इतक्या लहान बाळाचं शरीर आजाराची खूण फार उशिरा दाखवतं, म्हणून १००.४ किंवा त्याहून जास्त ताप म्हणजे त्याच दिवशी, त्याच तासाला डॉक्टर. पहिल्या दोन महिन्यांत तर काखेत ९९.५ च्या वर गेलं तरी दाखवावं. अंग गार पडणंही तितकंच गंभीर. बाळ नेहमीसारखं दूध ओढत नाही, हलवल्याशिवाय हातपाय हलवत नाही, नाळेभोवतीची कातडी लाल होऊन पसरते, कावीळ तळहात-तळपायांपर्यंत उतरली किंवा जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत दिसली, तर लगेच दाखवा, कोवळ्या उन्हात धरत बसू नका. पोटावर डाग देणं, गुटी चाटवणं यांनी फक्त उशीर होतो.

निघताना आणि पोचल्यावर तुमचे हक्क

‘प्रत्येक वेळी सरळ डॉक्टरकडे नेलं तर काय बिघडलं?’ असाही प्रश्न असतो. साध्या सर्दीला प्रत्येक वेळी नेलं की प्रतिजैविक हाती पडण्याची शक्यता वाढते. उलट, खरंच गरज असताना अंतर आणि खर्चाच्या धास्तीने उशीर होतो, तो अधिक वाईट. म्हणून हे माहीत असू द्या:

- १०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे. बाळ वर्षाच्या आतलं असेल तर जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयातले उपचार, औषधं, तपासण्या आणि ने-आणही मोफत. त्यासाठी १०२ लावा.
- १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या केंद्रांत आणि रुग्णालयांत केसपेपरसह उपचार मोफत आहेत.
- खासगी रुग्णालयही आधी पैसे भरा म्हणून तातडीचे प्राथमिक उपचार नाकारू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात जीव वाचवण्याचं कर्तव्य आधी, असं स्पष्ट केलं.
- दुसरीकडे हलवत असतील तर काय दिलं, किती वाजता दिलं हे लिहिलेली चिठ्ठी मागून घ्या. उपचाराच्या नोंदी मागितल्यावर ७२ तासांत द्याव्या लागतात.

निघताना लसीकरणाचं कार्ड आणि दिलेल्या औषधांच्या बाटल्या बरोबर घ्या. डॉक्टरांपुढे बसल्यावर तापाच्या आधी हे सांगा: शेवटची लघवी कधी झाली, शेवटचं दूध किंवा पाणी कधी घेतलं, किती उलट्या-जुलाब झाले, मिनिटाला किती श्वास मोजले, आणि तापाचं औषध किती वाजता, किती मिली दिलं.